आधी अर्थ, मग हार

रामनवमीच्या सकाळी सुंठवडा कुटताना सून दुर्गानं खरं काय ते सांगितलं, आणि अनुसूयाबाईंच्या हातातला बत्ता हवेतच राहिला.

झालं होतं असं. झाशीतल्या मराठी मंडळाचा सचिव वामन. त्यानं मोबाइलवरच्या गटात बाईंच्या कीर्तनाविषयी इंग्रजीत लिहिलं होतं, 'पास्ट हर सेल-बाय डेट.' बाईंना सेल कळत होता, डेट कळत होती. सगळं मिळून काय ते कळेना. त्यालाच विचारलं, तर म्हणाला, "तारीफ आहे हो काकू. तुमच्या कीर्तनाला तारखेचं बंधन नाही." बाई हरखल्या. गटातच उत्तर धाडलं, 'रामरायाची कृपा. बाळा, औक्षवंत हो.' खाली हसरी तोंडंच तोंडं उगवली. तीही त्यांना गोडच वाटली.

"आणि तू आज सांगतेस?"

"तुम्ही ते कीर्तनात सांगणार म्हणालात आई, मग राहवेना. दुधाच्या पिशवीवर तारीख असते ना, ती उलटून गेलेली, असं लिहिलंय त्यानं तुम्हाला."

शिळं दूध! बाईंचे कान तापले. शिळं म्हणाला त्याचं काय एवढं; पण त्या आशीर्वाद देत होत्या आणि मंडळी हसत होती!

खंडेराव गेटाजवळचं देऊळ गच्च भरलं होतं. रीतीप्रमाणे वामन हार घेऊन पुढं आला. नारदाच्या गादीवर उभं राहणाऱ्याला हार घालायचा, पाया पडायचं. बाई मागं सरकल्या.

"थांब. पद घेतलं की अर्थ फोडून सांगायचा, तोवर पुढं जायचं नाही, ही माझ्या वडिलांची शिस्त. आज पद तुझं. सांग अर्थ."

"काकू, जाने दो ना. मज़ाक था."

"मग मलाही हसू दे! सांग मराठीत."

वामननं मान खाली घातली. "म्हणजे... आता तुमचा आवाज पूर्वीसारखा राहिला नाही. दुसऱ्या कुणाला बोलवावं."

"हे माझ्या ओट्यावर बसून म्हणाला असतास तर भांडले असते, पण चहाही पाजला असता. ठेव तो हार रामाच्या पाळण्यावर."

राग घेऊन गादीवर चढू नये, हे त्यांना ठाऊक होतं. चढल्या तशाच. झांजा आपटल्या, नमन झालं, आख्यान रंगलं, आणि कौसल्येच्या ओवीत वरच्या सुराला गळा चरकन फाटला. वामननं नजर चुकवली. बाईंना त्याचा आणखीच संताप आला, कारण तो खरं बोलला होता.

जन्माची वेळ तोंडावर होती. झांजा थांबवून त्या पेटीवाल्या दत्तात्रेयांकडं वळल्या.

"दत्तोपंत, पट्टी उतरवा. आणखी. हां, इथं."

मग लोकांकडं तोंड करून म्हणाल्या, "आवाज गेलाय, ऐकलंत सगळ्यांनी. आता खालून म्हणते. ध्रुपद जोरात धरा!"

आणि लालबुंद चेहऱ्यानं त्यांनी पाळणा सुरू केला.