जिना चढणारा डेलिया

कोणाचा विश्वास बसणार नाही, पण चौऱ्याण्णव साली नवघर गावात डेलियाने वेल धरला होता. कुंडीतून निघाला, जिन्याचा कठडा पकडला आणि सरळ पहिल्या मजल्यावर आत्माराम काकांच्या दारात. काका छापखान्यातून निवृत्त होऊन गिरगावातून इथे राहायला आलेले. थापा मारण्यात त्यांचा हात धरणारा माणूस पार वरसाव्यापर्यंत नव्हता.

झालं असं. तळमजल्यावरच्या वैजयंताचा नवरा सुभाष त्या जानेवारीत गेला. मागे राहिल्या त्याने लावलेल्या डेलियाच्या तीन कुंड्या, काळपट लाल फुलांच्या. उन्हाळ्यात पानं वाळली तशी तिने कंद उकरले, सावलीत सुकवले आणि काकांकडे आणून दिले. तिच्या घरात पावसाचं पाणी शिरायचं, काकांचा माळा कोरडा.

"वाळू तव्यावर भाजून घ्या काका, मग त्यात ठेवा. आणि पंधरा दिवसांनी बघत जा. एखादा मऊ पडला तर काढून टाकायचा, नाहीतर त्याच्यापायी सगळे जातात."

"मला शिकवतेस? गिरगावात अकरा वर्षं एक कंद ठेवला होता मी. लावला तर एवढं फूल आलं, की पावसात दोन माणसं त्याच्याखाली उभी राहायची."

वैजयंता हसली. सुभाष गेल्यापासून पहिल्यांदाच. काकांना स्वतःचंच कौतुक वाटलं आणि तिथेच घात झाला.

वाळू भाजत कोण बसतंय? समोर बिल्डिंगचं काम चालू होतं. तिथल्या ढिगातली खाडीची ओलसर वाळू त्यांनी बिस्किटांच्या डब्यात भरली, कंद पुरले, झाकण घट्ट दाबलं आणि डबा माळ्यावर सारला. पावसाळाभर वैजयंता जिन्यात विचारायची, "बघितले का हो कंद?"

"कालच. बाळं घोरतायत."

काकांनी साधं स्टूलसुद्धा लावलं नव्हतं.

घटस्थापनेला डबा उघडला. आत नुसता काळा चिखल. उर्मिला काकूंनी नाकाला पदर लावला. "आत्ताच्या आत्ता खाली जा आणि सांगा तिला."

"सांगतो ना," म्हणत काका उतरले. वैजयंता माती चाळून, शेणखत मिसळून, तिन्ही कुंड्या भरून बसली होती.

"आणलेत? ह्यांच्या पहिल्या स्मृतिदिनाला हीच फुलं ठेवायचीयत फोटोपुढे."

तोंडाशी आलेलं काकांनी गिळलं. "संध्याकाळी आणतो," म्हणाले, आणि तसेच बाजारात गेले. नवरात्रातला बाजार, जिकडेतिकडे उपवासाची रताळी. त्यांतली बारीक, वेडीवाकडी निवडून घेतली. संध्याकाळी तिला हात लावू न देता स्वतःच लावली. "माझ्या हाताला गुण आहे," म्हणाले. मान मात्र वर झाली नाही.

दिवाळीत कोंब फुटले. मग बदामाच्या आकाराची पानं, मग वेल.

"हा हिमालयातला प्रकार," काका बाकावर बसून सगळ्यांना सांगायचे. "तिकडे डेलिया देवदारावर चढतो. फुलं तोडायला गुरख्याला शिडी लागते."

लोक हसायचे. वैजयंता रोज सकाळी पाणी घालायची. वेल लोंबायला लागला तेव्हा सुतळीने कठड्याला बांधून दिला. काकांना तीच सुतळी बघवेना. दूध आणायला जाताना ते भिंतीला चिकटून उतरायचे. आज सांगू, असं रोज ठरवायचे. ती दिसली की तोंडातून देवदारच निघायचा. काकूंनी तर बोलणंच टाकलं होतं.

स्मृतिदिनाच्या आदल्या सकाळी ती कुंड्यांपाशी बसली होती. बाजूच्या पिशवीत बाजारातून आणलेला झेंडू. काका तिला ओलांडून जाऊ बघत होते.

"काका, फूल कधी येणार?"

"येईल गं. चढणारा डेलिया जरा सावकाश फुलतो. एकदा डेहराडूनला मी..."

"परभणीला माझ्या बापाची दोन एकर रताळी असायची, काका," वैजयंता सुतळीची गाठ सोडता सोडता म्हणाली. "पहिलं पान आलं तेव्हाच कळलं मला. तरी पाणी घालत राहिले. म्हटलं, आज सांगतील."