साठ वॉटची आकाशगंगा

ही एकोणीसशे नव्याण्णवची गोष्ट. आखातात, अल मनखूलमध्ये राहणारे राजन परचुरे एसी विकणाऱ्या कंपनीत सेल्स इंजिनियर होते. कुठलीही गोष्ट थोडी कमी चालतेय असं दिसलं की त्यांना राहवत नसे.

त्यांच्या अकरावीतल्या मुलीने, मैथिलीने, शाळेच्या प्रदर्शनासाठी एक जवळ आणि एक लांब अशा दोन फळ्यांवर लाल कागदात गुंडाळलेले बल्ब लावले होते. फळी म्हणजे आकाशगंगा, बल्ब म्हणजे लाल राक्षसी तारे. म्हातारा होताना असा तारा उजळत जातो, पण एका मर्यादेपर्यंतच. मग त्याच्या पोटातला हेलियम पेटतो आणि तो पुन्हा मंदावतो. ही मर्यादा सगळीकडे जवळपास सारखी. म्हणून मर्यादेवरचे तारे किती फिके दिसतात त्यावरून आकाशगंगा किती लांब ते कळतं. मैथिलीने मर्यादा ठरवली होती साठ वॉट. प्रत्येक फळीवर साठचे चार बल्ब, बाकीचे त्याहून कमी.

प्रदर्शनाच्या सकाळी मैथिली चहा प्यायला गेली आणि राजनना लांबची फळी फार मिणमिणती वाटली. ते तडक हारुनच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात गेले. शंभर वॉटचा एकच बल्ब शिल्लक होता. तो त्यांनी लाल कागदात गुंडाळून एका साठच्या जागी लावला आणि समाधानाने कोपऱ्यात उभे राहिले.

परीक्षक होत्या शारजाच्या कॉलेजातल्या बदरुन्निसा मॅडम. मैथिलीने लांबच्या फळीवरचा सगळ्यात प्रखर तारा नळीतून प्रकाश मोजायच्या यंत्रावर मोजला आणि हिशोब करून अंतर सांगितलं, सहा मीटर. मॅडमनी पावलं टाकून पाहिलं होतं. फळी आठ मीटरवर होती.

मैथिलीने सगळं पुन्हा मोजलं. उत्तर तेच. मग ती हळूच कोपऱ्याकडे वळली.

"बाबा, डिड यू टच इट?"

"टच नाही गं, इम्प्रूव्ह केलं," राजन म्हणाले.

मैथिलीचे कान लाल झाले. ती बल्ब काढायला निघाली, पण मॅडमनी तिला थांबवलं. त्या हिंदीत म्हणाल्या की खऱ्या आकाशातही काही तारे मर्यादेपलीकडे चमकतात. तिथे कुणी जाऊन बल्ब बदलत नाही.

"ऐसे ही नापके दिखाओ, बेटा."

मैथिलीने वही उघडली. मग तिने त्या फळीवरचा प्रत्येक बल्ब वेगळा मोजून आकडे उतरत्या क्रमाने लिहिले. वर एकटाच एक प्रखर बल्ब, त्याखाली एकदम तीन सारखे. गर्दी जिथून सुरू होते तीच मर्यादा, असं म्हणून तिने वरच्या एकट्यावर काट मारली आणि त्या तिघांवरून हिशोब केला. आठ मीटर, चार सेंटिमीटर.

मैथिलीला दुसरा नंबर मिळाला. मॅडमनी शेरा लिहिला की आयत्या वेळी आलेली अडचण उत्तम हाताळली. राजननी तो वाचून बायकोला, अनुपमाला, फोन केला आणि अडचण आपण पुरवल्याचं अभिमानाने सांगितलं.

शाळेच्या मासिकासाठी फोटो काढायचा होता. मॅडमनी राजननाही बोलावलं. मैथिली त्यांच्या आणि फळीच्या मधोमध उभी राहिली.