उसनी दिलेली रेघ

वर्गात तिला सगळे ‘मोजपट्टी’ म्हणत. विद्यापीठात मोटार तंत्रज्ञान शिकायला आलेल्या बाकीच्यांना इंजिन डरकाळ्या फोडू लागल्याशिवाय चैन पडत नसे, आणि ही बया एकेक नट पूजेला बसल्यासारखा आवळायची. वडिलांनी उभा जन्म बस चालवली होती. ते सांगत, "पोरी, चाक निखळलं की चालकाचं पुण्य कामाला येत नाही."

वर्कशॉपचा नियम साधा होता. नट ठरलेल्या जोराइतका आवळला गेला की टॉर्क पाना ‘टक्’ वाजतो. तो वाजला की नटावरून चाकावर आपल्या रंगाच्या पेननं रेघ ओढायची. रेघ म्हणजे सही. रंग ज्याचा, जबाबदारी त्याची. मोजपट्टीचा रंग पिवळा, तिच्या जोडीदारणीचा हिरवा. जोडीदारीण दोन वर्षांनी मोठी, म्हणून ‘ताई’. वसतिगृहात खोली एक, डबा एक. मोजपट्टीला ताप आला तेव्हा तीन दिवस उशाशी बसली होती तीही ताईच.

शेवटच्या परीक्षेत दोघींच्या वाट्याला विद्यापीठाची व्हॅन आली. पुढची चाकं मोजपट्टीनं केली, मागची ताईनं. ऐन वेळी ताईचं पेन वाळलं.

"दे गं तुझं."

"घे की! विचारतेस काय?"

आता सही कुणी उसनी देतं का? पण जीव जडला की माणूस शहाणपण खुंटीला टांगतो. जगाची रीतच आहे ती.

दुसऱ्या दिवशी सरांनी सगळ्यांना व्हॅनपाशी बोलावलं. मागच्या उजव्या चाकाचे तीन नट नुसत्या बोटांनी फिरत होते. चारही चाकांवर रेघ पिवळी.

"ही तुझी?"

"पेन माझं, सर. पण मागची चाकं ताईनं केली."

सर ताईकडे वळले. मोठ्या कारखान्यात शिकाऊ म्हणून वर्गातून एकच जण जाणार होता, आणि तिथं चिकटला की नोकरी पक्की. पहिला नंबर मोजपट्टीचा, दुसरा ताईचा. ताई बुटाच्या नाडीकडे बघत म्हणाली, "चारही हिनंच केली, सर. मी म्हटलं होतं करते म्हणून. पण हिला दुसऱ्याचं काम पटतंय कुठं!"

पोरं फस्सकन हसली. दुसऱ्याचं काम तिला पटत नसे, हे तर खरंच होतं ना! मोजपट्टीचा चोखपणाच तिच्याविरुद्ध साक्ष द्यायला उभा राहिला.

"रंग ज्याचा, जबाबदारी त्याची," सर म्हणाले. जागा ताईला मिळाली. मोजपट्टीला शिक्षा अशी, की व्हॅनचे वीसही नट तिनं पुन्हा आवळायचे. सकाळी त्याच व्हॅननं ताई कारखान्यात जायची होती.

नट आवळताना तिच्या मनात काय काय येऊन गेलं, ते एक देव जाणे. हातानं मात्र वीस वेळा ‘टक्’ वाजवलं.

सकाळी ताई बॅग घेऊन आली. एक पाय व्हॅनच्या पायरीवर ठेवला आणि थबकली. खाली चाकाकडे बघत हळूच म्हणाली, "नट... नीट आवळलेस ना गं?"

जागा गेली तेव्हा मोजपट्टी रडली नव्हती. आता तिचे डोळे भरून आले.

"तुला काय वाटतं, ताई?"

ताईनं पायरीवरचा पाय खाली घेतला. मोजपट्टीनं वर्कशॉपच्या भिंतीवरचा टॉर्क पाना काढला आणि तिच्यापुढे धरला. "घे. बघ तूच."

"अहो, आटपा! उशीर होतोय," चालक ओरडला.

ताईनं इस्त्रीच्या कपड्यांनिशी गुडघे टेकले. टक्. टक्. एकही नट तसूभर हलला नाही. त्या चाकाचा पाचवा, शेवटचा नट झाल्यावर ती मान वर करेल, काहीतरी बोलेल, असं मोजपट्टीला वाटलं.

ताई उठली, गुडघ्यांवरची धूळ झटकली आणि दुसऱ्या चाकाशी जाऊन बसली.