माझा उजवा दांडा

मित्रांनो, मी एक जुनी, बसून चालवायची, गवत कापणारी मशीन आहे. इतर मंडळी तुम्हाला आपले पराक्रम सांगतील. माझ्याजवळ सांगण्यासारखी एक शरमेची गोष्ट आहे.

१९९६ साली मी परदेशातून पनवेलजवळच्या, कर्नाळ्याच्या पायथ्याशी असलेल्या एका फार्महाऊसवर आले. मला स्टिअरिंगच नाही हे पाहून सगळे हसले. माझ्या सीटच्या दोन बाजूंना दोन दांडे आहेत. डावा दांडा डावं चाक हाकतो, उजवा उजवं. दोन्ही सारखे पुढे ढकलले की मी सरळ जाते. एक पुढे, एक मागे केला की जागच्या जागी गिरकी घेते. ही कला डोंगरालगतच्या वाडीतल्या शुक्राने आठ दिवसांत उचलली. त्याच्या हाताखाली मी आखल्यासारखे पट्टे काढी, आणि कौतुक माझंच होई.

तिसऱ्या वर्षी नवरात्रात माझ्या उजव्या दांड्याचा नट सैल झाला. दांडा हवा त्याहून पुढे जाई, उजवं चाक जास्त धावे आणि मी डावीकडे ओढू लागले. शुक्राने आधी चाकांची हवा पाहिली, कारण कमी हवेनेही मी वाकडी जाते. हवा ठीक होती. दसऱ्याच्या सकाळी तो मॅनेजर कमलाकरांकडे गेला.

"साहेब, हिचा नट ढिला हाय. पाना द्या, आमी आवळतो."

"हत्यारं कालपासून पूजेत मांडली आहेत. संध्याकाळी सोनं वाटेपर्यंत हात लावायचा नाही. पाहुणे अकराला येतायत, तेवढं लॉन उरकून घे."

कुंकू माझ्याही कपाळावर होतं. पान्याला सुट्टी आणि मला काम, हे कुठलं शास्त्र, देव जाणे.

शुक्रा बिचारा उजवा दांडा मागे रेटून मला सांभाळत राहिला. पाहुणे व्हरांड्यात येऊन बसले, आणि शेवटच्या पट्ट्याला नट पार निघाला. मी शेठाणी वसुंधराबाईंच्या गुलाबांच्या वाफ्यात घुसले आणि एकही झाड उभं ठेवलं नाही.

"सकाळी सकाळी टाकून आलास?" कमलाकर सगळ्यांदेखत म्हणाले.

"नाय साहेब. पाना मागितला हुता मी."

कुणी ऐकलं नाही. त्याच दुपारी त्याचं काम गेलं. खरा दोष माझा होता आणि मला तोंड नव्हतं.

दोन दिवसांनी मिस्त्री उदयसिंह आले. त्यांनी नवा नट बसवला, पाव-पाव फेरा आवळत मला पुढे चालवून पाहिलं. चौथ्या खेपेला मी सरळ धावले.

"नट ढिला आहे हे चालवणाऱ्याने सांगितलं नव्हतं?" त्यांनी विचारलं.

कमलाकर जमिनीकडे बघत म्हणाले, "नाही."

त्या एका शब्दाने मी जितकी खजील झाले, तितकी गुलाब तुडवतानाही झाले नव्हते.

मित्रांनो, यंत्र वाकडं गेलं तर चालवणाऱ्याच्या तोंडाचा वास घेण्याआधी त्याचं म्हणणं ऐका. पूजा जरूर करा, पण पाना मागणाऱ्याला तो आधी द्या.

दिवाळीनंतर कुंपणाजवळ गवत कापताना मला शुक्रा दिसला. तो बायको साळूबरोबर वीटभट्टीवर निघाला होता. तो थांबला आणि माझा पट्टा या टोकापासून त्या टोकापर्यंत बघत राहिला. मला वाटलं, आता शिवी देईल.

"बग, सरळ चालतेय," तो साळूला म्हणाला. "बरं झालं, कुनीतरी आवळला."