गौडांची धाकटी

पूल कोसळला तसं दिव्यश्रीनं रिमोट उचलून चित्र थांबवलं. फळ्या हवेत तशाच राहिल्या. अलीकडच्या काठावर घोड्याचा लगाम खेचून धरलेली मुलगीही तशीच राहिली.

"पुस्तकात पूल नाहीच आहे," दिव्यश्री म्हणाली.

"झालं सुरू," सिद्धी म्हणाली. ती वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायची, दीड वर्षापूर्वी पुण्याहून आलेली. मालिका तिच्याच अकाउंटवरून चालली होती. "काकू, पुस्तक वाचलेल्या माणसाशेजारी बसून सीरियल बघायची म्हणजे सासूसमोर पोळ्या लाटायच्या."

अम्मा हसली. मांडीवरच्या सुपात अवरेकाळूच्या शेंगा होत्या. त्या सोलणारे हात थांबले नाहीत. "बोलू दे गं तिला स्वल्प. सातही भाग पाठ आहेत."

"मग पुस्तकात काय होतं?"

"ती वाटेत एका सराईत थांबते."

"का?"

"काही कारण नाही. थांबते."

"मग पूलच बरा ना. मरणाऱ्या बापाला भेटायला निघालेली पोरगी उगाच थांबली, तर लोक शिव्या घालतील तिला."

दिव्यश्रीनं चित्र पुन्हा सुरू केलं.

कादंबरीचं नाव 'काळ्या तळ्याचं राज्य'. दिव्यश्री चौदा वर्षांची असताना अण्णांनी तिच्यासाठी पहिला भाग आणला होता. मुलीच्या हातात देण्याजोगा आहे का, ते बघायला स्वतः उघडला आणि अकरा दिवस तिला दिलाच नाही. पुढचे भाग निघत गेले तसे दोघांनी ते पाळीपाळीनं वाचले. अम्माला इंग्रजी येत नव्हतं. शाळा कन्नडमधली, मराठी या घरात पिढ्यान्‌पिढ्या तोंडातच राहिलेली. म्हणून रविवारी जेवणं झाली की अण्णा तिला एक प्रकरण सांगायचे. परदेशी नावं अम्माच्या लक्षात राहत नसत. तेव्हा तळ्याकाठच्या किल्ल्याचा म्हातारा सरदार झाला गौडरु, म्हणजे गावचा पाटील, आणि त्याची मुलगी झाली धाकटी. तळं केवढं, तर हेब्बाळच्या तळ्याच्या दुप्पट. मालिकेच्या पहिल्या भागात ते तळं दिसलं तेव्हा अम्मानं बराच वेळ बघून घेतलं होतं आणि म्हणाली होती, "हे लहान आहे."

ऑगस्टमध्ये अण्णा गेले. डिसेंबरात मालिका आली, कन्नड आवाजांसकट. सातवा भाग अम्माला सांगून व्हायच्या आतच ते गेले, असं दिव्यश्री धरून चालली होती. शेवट अम्माला मालिकेतून, चुकीचा कळू नये, म्हणून ती दर रविवारी शहराच्या दुसऱ्या टोकाहून, महादेवपुऱ्याहून बनशंकरीला येऊन बसत होती आणि जिथं मालिका पुस्तक सोडून जाई तिथं थांबवून सांगत होती. आज मालिकेचा शेवटचा भाग होता.

पुस्तकातला शेवट तिला पानासकट माहीत होता. धाकटी सराईत थांबते. बाहेर बर्फ नाही, घोडा दमलेला नाही. चुलीपाशी ऊब असते, माणसं गप्पा मारत असतात, आणि ती म्हणते, थोडंसं बसून निघू. किल्ल्यावर पोचते तेव्हा गौडरु गेलेले असतात. लेखकानं रडणं वगैरे काही लिहिलेलं नाही. अंथरूण आवरून ठेवलं होतं, एवढंच एक वाक्य.

ऑगस्टमधल्या त्या दिवशी तीन वाजून वीस मिनिटांनी अम्माचा फोन आला होता. "अण्णांना बरं वाटत नाहीये. डॉक्टरांना बोलावलंय. तू स्वल्प लवकर ये." दिव्यश्री मीटिंगमध्ये होती. "निघालेच," असं म्हणून ती पुन्हा खुर्चीवर बसली, चाळीस मिनिटं. काम फार महत्त्वाचं होतं असंही नाही. अण्णांना अधूनमधून बरं वाटत नसे, आणि मग वाटत असे. ती बनशंकरीला पोचली तेव्हा दाराबाहेर चपलांची गर्दी होती. ट्रॅफिक होतं, असं तिनं सांगितलं. ट्रॅफिक होतंही.

पडद्यावर धाकटीनं नदीला उतार शोधला. छातीएवढ्या पाण्यातून घोडा घातला. किल्ल्याचा दरवाजा उघडला, जिने, मशाली, आणि ती अगदी वेळेवर बापाच्या उशाशी पोचली. गौडरूंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि खणखणीत कन्नडमध्ये राज्याबद्दल, रक्ताबद्दल, येणाऱ्या हिवाळ्यांबद्दल पुष्कळ काही सांगितलं. मग डोळे मिटले. सारंगीसारखं काहीतरी वाजत राहिलं.

सिद्धीनं ओढणीनं नाक पुसलं. तेवढ्यात तिचा फोन वाजला. "रविवारी पण ऑफिसवाल्यांना चैन नाही," असं पुटपुटत ती जिना चढून गेली.

अम्माचे हात आता थांबले होते.

"पुस्तकात पण अशीच पोचते काय गं?"

पुस्तकात काय आहे हे दिव्यश्रीनं आजवर कुणालाही चुकीचं सांगितलं नव्हतं. त्यावरून तिची भांडणं झाली होती, एक मैत्री तुटली होती.

"हो," ती म्हणाली. "अशीच."

अम्मानं सूप बाजूला ठेवलं. "मग यांनी मला वेगळं का सांगितलं?"

"अण्णांनी सातवा भाग सांगितला होता?"

"सांगितला की. जुलैत संपला. धाकटी सराईत बसून राहिली म्हणाले. आली तेव्हा गौडरु गेलेले. अंथरूण पण आवरलेलं."

दिव्यश्री टीव्हीकडे बघत राहिली. पडद्यावर नावं सरकत होती.

"मला राग आला," अम्मा म्हणाली. "म्हटलं, बाप वाट बघतोय आणि ही कशाला बसली तिथं? तर म्हणाले, रागावू नको मथुरा. मी नकाशावर दोरा लावून मोजलंय. ती थांबली नसती तरी पोचली नसती. वाटच तेवढी होती."

"दोरा लावून?"

"तीस वर्षं घड्याळाच्या कारखान्यात काढली त्यांनी. बघ, पुस्तकात लिहून ठेवलं असेल. लिहिल्याशिवाय बरं वाटायचं नाही त्यांना."

दिव्यश्री उठली. कपाटातून तिनं सातवा भाग काढला. नकाशा शेवटच्या पानावर होता. वाटेवर पेन्सिलीच्या बारीक खुणा होत्या आणि कडेला, कारखान्यातल्या सवयीनं इंग्रजीत, अण्णांचं टोकदार अक्षर. मैल. घोड्याची चाल, सपाटीवर आणि चढावर वेगळी. निघाल्याची वेळ, पान चारशे बारा. गौडरु गेल्याची वेळ, पान चारशे चाळीस. हिशेब एकदा करून, खाली रेघ मारून, पुन्हा पहिल्यापासून केला होता. दुसऱ्यांदा घोड्याची चाल कमी धरली होती. उत्तर दोन्ही वेळा एकाच बाजूला पडलं होतं. दुसऱ्या हिशेबाखाली लिहिलं होतं: सराई वगळली तर एक तास दहा मिनिटं आधी पोचते.

त्याखाली काही नव्हतं.

बाहेर गल्लीत कुणीतरी रिक्षा मागे घेत होतं. दिव्यश्री अम्माकडे पाठ करून उभी होती. पुस्तक मिटायला तिला वेळ लागला.

"काय लिहिलंय?" अम्मानं विचारलं. पुस्तक बघू, असं ती म्हणाली नाही.

"तेच," दिव्यश्री म्हणाली. "थांबली नसती तरी पोचली नसती."

"सरी. ठीक."

अम्मानं मांडीवरची टरफलं झटकली. मग म्हणाली, "मग टीव्हीवाल्यांनी बरं केलं. पोचवली तिला. ये, बस इथं. तेवढंच पुन्हा लाव."

दिव्यश्री खाली, अम्माच्या गुडघ्यापाशी बसली. मागे नेत नेत तिनं किल्ल्याचा दरवाजा शोधला. जिने आले, मशाली आल्या.

"आवाज बंद कर," अम्मा म्हणाली. "फार बोलतो तो."

तिनं आवाज बंद केला. मुलगी उशाशी पोचली. म्हाताऱ्याचा हात तिच्या डोक्यावर आला, आणि त्याचे ओठ हलू लागले.

"गौडरु विचारतात," अम्मा पडद्याकडे बघत म्हणाली, "जेवलीस काय गं."

तिचा शेंगांच्या वासाचा हात दिव्यश्रीच्या केसांवर होता.

"नाही," दिव्यश्री म्हणाली.