बघते म्हणाल्या होत्या

हेमांगी पाटील रावेरला केळी उत्पादक गटाच्या गोदामापाशी उतरली, तेव्हा तीसेक माणसं उभी होती आणि तिचा आतेभाऊ भूषण शाल-नारळ घेऊन सगळ्यांच्या पुढे होता. तिला वाटलं, मागून कुणी आमदार वगैरे येत असतील. ती बाजूला सरकली. पण भूषणने शाल तिच्याच खांद्यावर घातली आणि माईक हातात घेऊन सांगितलं, की ताईंमुळे आपलं नाव आपल्याला परत मिळालं.

कुठलं नाव, ते तिला कळेना. टाळ्या वाजल्या तशी तिने हात जोडले.

ती भारतात आली होती वेगळ्याच कारणाने. इंटरनेटवर प्रत्येक ठिकाणाला एक नाव लागतं आणि एक नाव दोघांना देता येत नाही. ही नावं जगभर कुणी द्यायची, कशी द्यायची, दोघांचं भांडण लागलं तर कुणाचं खरं धरायचं, याचे नियम सांभाळणाऱ्या संस्थेत हेमांगी सिंगापूरला उपाध्यक्ष होती. बावीस वर्षांपूर्वी पुण्यात नावं विकणाऱ्या एका कंपनीत ती फोन घ्यायची. मग देवनागरीत नावं द्यायचं ठरलं, तेव्हा भाषेच्या जाणकारांबरोबर आठ वर्षं बसून कुठलं अक्षर कुठल्या अक्षरासारखं दिसतं, कुठे फसवणूक होईल, याच्या याद्या तिने केल्या. नंतर तक्रारींचा विभाग तिच्याकडे आला. आणि आता तीन आठवड्यांपूर्वी संचालक मंडळाने तिला सर्वांत वरच्या खुर्चीसाठी निवडलं होतं. जाहीर व्हायला दहा दिवस होते. त्याआधी वडिलांना तोंडाने सांगावं म्हणून ती सोनगीरला आली होती.

तिच्या वडिलांना, निंबाआबांना, तिचं काम कधीच नीट उमगलं नव्हतं. किल्ल्याच्या पायथ्याशी त्यांची शेती. गावात ते अभिमानाने म्हणायचे, "मनी पोर इंटरनेटनी मालकीन शे." मालकीण नाही आबा, तिथे मालक कुणीच नसतो, असं तिने कितीदा तरी सांगून पाहिलं होतं. मालक नाही तर मग चालवतं कोण, असं ते विचारायचे आणि तिचं उत्तर लांबत जायचं. मोठ्या खुर्चीची बातमी ऐकून ते खूश झाले, आणि आत्याला भेटून ये म्हणून त्यांनीच तिला रावेरला धाडलं.

चहा झाल्यावर माणसं पांगली. तेव्हा गोदामाच्या दारात थांबलेली एक बाई पुढे आली. पन्नाशीची, नाकात चमकी, हातात प्लास्टिकची पिशवी. सावद्याच्या मंजुळाबाई म्हणून तिने ओळख सांगितली. केळीचे वेफर्स करणारा बायकांचा गट ती चालवत होती. पिशवीतून एक पुडा काढून तिने हेमांगीच्या हातात दिला. त्यावर ठसठशीत छापलं होतं : रावेरकेळी डॉट भारत.

"हे नाव आम्ही रीतसर घेतलं होतं," मंजुळाबाई म्हणाल्या. "परवा सकाळी बघितलं तर त्या पानावर तुमच्या भावाचा फोटो. पुडे आमच्याकडे पडून आहेत. तुम्ही मोठ्या आहात मॅडम, एवढं सांगा, आमचं काय चुकलं?"

हेमांगीने भूषणकडे पाहिलं. तो खुर्च्या गोळा करायला लागला होता.

त्याच्याकडून हळूहळू जे कळलं ते असं. हे नाव चार वर्षं भूषणच्या केळी उत्पादक गटाकडे होतं. मुदत संपली, नूतनीकरण करायचं राहून गेलं, वाढीव मुदतही गेली आणि नाव मोकळं झालं. मंजुळाबाईंच्या गटाने ते घेतलं. यात गैर काहीच नव्हतं. नियमच तसा होता. मग भूषण जळगावच्या कंपनीत गेला, जिथून दोन्ही गटांनी नाव घेतलं होतं. तिथे त्याने फोनमधला हेमांगीचा व्यासपीठावरचा फोटो दाखवला आणि सांगितलं, ही माझी बहीण आहे, तिने लक्ष घातलंय. कंपनीने नाव काढून त्याच्या गटाला देऊन टाकलं.

"मी कधी लक्ष घातलं?" हेमांगीने विचारलं.

"तू म्हणाली होतीस ना ताई, बघते म्हणून."

ती खुर्चीवर बसली. दोन महिन्यांपूर्वी त्याचा फोन आला होता, ती एका बैठकीला निघाली होती, तो कसल्याशा नावाबद्दल बोलत होता. आपण काय म्हणालो? बहुधा 'बघते' म्हणालो. नातेवाइकांच्या फोनवर ती नेहमीच तसं म्हणायची. त्याचा अर्थ बघते असा नव्हता, बघणार नाही असाही नव्हता. मग काय होता? बावीस वर्षं शब्दांची कामं करून आपला स्वतःचा शब्द आपल्याला उलगडून सांगता येत नाही, याचं तिला नवल वाटलं, आणि भीतीही.

दुसऱ्या दिवशी ती मंजुळाबाईंना घेऊन जळगावला गेली. कंपनीचा व्यवस्थापक भूपेंद्र नावाचा तरुण होता. तो उभा राहिला आणि बराच वेळ उभाच राहिला. मॅडम, तुमचा निरोप आला तेव्हा आम्ही एका दिवसात काम केलं, असं तो कौतुकाच्या अपेक्षेने सांगत होता. निरोप कुणी आणला, लेखी काही आहे का, दुसऱ्या बाजूला विचारलं का, असं तिने विचारलं तसा त्याचा चेहरा उतरत गेला.

"मी तुमच्या इथली साहेब नाही," ती म्हणाली. "तुम्हाला माझा हुकूम लागूच होत नाही. नाव असं फिरवायलाच नको होतं."

"तर मग आज तुम्ही म्हणताय म्हणून परत फिरवू का नको?" भूपेंद्रने विचारलं.

तो टोमणा नव्हता. त्याला खरंच कळत नव्हतं. हेमांगीलाही तोच प्रश्न पडला. कालचं तिच्या नावाने झालेलं चूक असेल, तर आजचं तिच्या तोंडाने होणारं बरोबर कसं? तिने मंजुळाबाईंसाठी कागद मागितला, त्यांच्या तक्रारीत काय काय लिहावं ते सांगितलं, आणि मग ती जिना उतरून खाली रस्त्यावर जाऊन उभी राहिली. वर तिच्याशिवाय बोलणं होऊ दे, म्हणून. अर्ध्या तासाने मंजुळाबाई खाली आल्या. भूपेंद्रने दोन्ही गटांचे कागद काढून तारखा लावल्या होत्या आणि नाव त्यांच्याकडे परत केलं होतं.

"हे तुमच्यामुळे झालं की कागदामुळे?" मंजुळाबाईंनी विचारलं.

"कागदामुळे," हेमांगी म्हणाली. तिचा स्वतःचा त्यावर पुरता विश्वास बसला नाही.

सोनगीरला परतल्यावर तिने झाला प्रकार कळवणारं पत्र संस्थेला लिहायला घेतलं. कुणी मागितलं नव्हतं. कुणाला कळलंही नसतं. पण दुसऱ्यांच्या तक्रारींत ती हेच तर विचारायची, की तुमच्या नात्यातलं कुणी यात आहे का. पत्र सोपं होतं. एका वाक्यापाशी ते दोन दिवस अडलं. 'बघते'चं इंग्रजी करायचं होतं. मी लक्ष घालीन, असं लिहिलं तर ते वचन होत होतं. मी टाळलं, असं लिहिलं तर खोटं. शेवटी तिने तो शब्द देवनागरीतच लिहिला आणि खाली तिला माहीत असलेले तिन्ही अर्थ दिले : लक्ष घालीन, टाळते आहे, आणि आता फोन ठेवू या.

मंडळाचं उत्तर चार दिवसांनी आलं. प्रामाणिकपणाबद्दल आभार मानले होते. तिने नियम मोडलेला नाही असंही म्हटलं होतं. मात्र तिघा सदस्यांची समिती तिची चौकशी करील, ती संपेपर्यंत वरची जागा मोकळी ठेवता येणार नाही, तेव्हा ती दुसऱ्या उमेदवाराला दिली जाईल. तिचं आत्ताचं पद कायम राहील. हे पत्र तिने तीनदा वाचलं. शिक्षा झाली म्हणावं तर दोष नव्हता, आणि दोष नसेल तर हे काय होतं?

भूषणला ते कळलं तेव्हा त्याने फोन केला. म्हणाला, माझ्यामुळे झालं ना हे. तिला हो म्हणावंसं वाटलं, नाहीही म्हणावंसं वाटलं. नवं नाव घ्या, आणि मुदतीची तारीख भिंतीवर लिहून ठेवा, एवढंच ती बोलली.

आबांना सांगणं सगळ्यांत अवघड गेलं. ते ओट्यावर शेंगा फोडत होते. तिने पहिल्यापासून सगळं सांगितलं. नाव, पुडे, जळगाव, पत्र.

"मंग ते नाव कोन्हं व्हतं?" शेवटी त्यांनी विचारलं.

"बायकांचं."

"तेस्ले भेटनं?"

"भेटलं."

आबांनी मान हलवली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिच्या कामाबद्दल त्यांना पुढचा प्रश्न पडला नाही. मूठभर शेंगा त्यांनी तिच्यापुढे सरकवल्या. आपण काही गमावून बसलोय की काही करून आलोय, हे तिला ठरवता येत नव्हतं. ती त्यांच्याशेजारी बसली आणि शेंगा फोडू लागली.