नंबरची भिंत

एकाहत्तर साली मोजणीवाल्यांनी आमच्या घराच्या दर्शनी भिंतीवर गेरूनं ४१ लिहिलं. गाव धरणात जाणार होतं, आणि नंबर असेल त्यालाच मोबदला मिळणार होता. तेव्हापासून मी घराच्या छपरावर एक नवं कवेलू टाकलं नाही. बुडणाऱ्या घराले कोण सावरते? संत्र्याची कलमंही लावली नाहीत. पोराला पाहायला येणारे पाहुणे विचारायचे, "मग तुम्ही राहाल कुठं?" आणि चहा पिऊन निघून जायचे.

बारा वर्षांत मागची खोली बसली, मग सगळं छप्पर गेलं. आम्ही गोठ्यात राहायला गेलो. समोरची भिंत मात्र माझी बायको गोपिका दरवर्षी लिंपायची, चुना द्यायची, आकडा तेवढा सोडून. म्हणायची, "हे भिंत पडली तं नंबर गेला समजा."

काल जीपमधून नवा साहेब आला. चुन्यानं पांढरीशुभ्र भिंत पाहून खूश झाला. "धरण रद्द झालं," तो म्हणाला. "तुमचं घर वाचलं! चला, आत बसून सही घेतो."

माझं डोकं फिरलं.

"या ना जी साहेब, बसा," मी म्हणालो आणि त्या भिंतीतलं दार उघडलं.

आत कमरेएवढं तरोट्याचं रान माजलं होतं.